सांगलीचा मे, साताऱ्याचा डिसेंबर

गेमिंगसाठी कॉम्प्युटर जुळवायला निघालेला मुलगा पहिल्यांदा विचारतो ते गिगाहर्ट्झ. किती पळेल? मी त्याला उलट विचारतो: कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात आणि कुठल्या मजल्यावर?

हिशोब मांडून पाहू. प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालताना १२० वॅट उष्णता बाहेर टाकतो असं धरा. मध्यम किमतीच्या, पंख्यावर चालणाऱ्या कूलरखाली दर वॅटमागे तापमान साधारण ०.४५ अंशाने चढतं. म्हणजे प्रोसेसर खोलीपेक्षा ५४ अंशांनी जास्त तापणार. डिसेंबरात यवतेश्वराच्या बाजूने गार वारं सुटलेलं असताना साताऱ्याच्या खोलीत रात्री १६ अंश असतील, तर प्रोसेसर ७० वर राहील. तोच कॉम्प्युटर मे महिन्यात सांगलीला नेला, स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर दुपारी ४० अंशांत चालवला, की आकडा ९४ वर जातो. आजच्या बऱ्याचशा डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. ती आली की चिप स्वतःहून वेग कमी करते आणि गेम अडखळायला लागतो. शिवाय हा हिशोब खोलीच्या हवेचा झाला. बंद कॅबिनेटच्या आत ग्राफिक्स कार्डाने तापवलेली हवा त्याहून चार-सहा अंश वर असते.

या प्रकरणात जे काही सांगायचं आहे ते या दोन आकड्यांमधल्या २४ अंशांबद्दल आहे. ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे चिप ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचं, बहुतेक शिक्षण आपल्याकडे थंड देशांतल्या व्हिडिओंवरून येतं. तिथल्या खोलीत २० अंश असतात. तिथली सेटिंग जशीच्या तशी कराडला किंवा मिरजेला लावली तर ती जानेवारीत चालते आणि एप्रिलमध्ये दगा देते. मग दोष चिपला दिला जातो.

चिप तापते का, हे नीट समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. प्रत्येक जण उघडझाप करणारा स्विच. स्विच पालटताना त्याच्या आणि त्याला जोडलेल्या तारांच्या अंगी असलेली विद्युतधारिता भरावी लागते आणि रिकामी करावी लागते. दर फेरीला थोडी ऊर्जा खर्ची पडते आणि ती उष्णता होऊन बाहेर येते. ४.५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला साडेचार अब्ज ठोके. ठोके वाढवले की उष्णता त्याच प्रमाणात वाढते, हे उघड आहे. खरी गोम व्होल्टेजमध्ये आहे. ठोके जवळजवळ आले की स्विचला पालटायला वेळ कमी मिळतो. वेळेत पालटायचा तर त्याला जास्त जोराने ढकलावं लागतं, म्हणजे व्होल्टेज वाढवावं लागतं. आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

वरच्याच प्रोसेसरवर हे लावून पाहा. ४.५ गिगाहर्ट्झला त्याला १.२० व्होल्ट पुरत होते. ४.८ ला नेताना १.३२ द्यावे लागले. वेग वाढला जेमतेम ७ टक्के. उष्णता मात्र १.२१ गुणिले १.०७, म्हणजे सुमारे २९ टक्क्यांनी वाढली. १२० वॅटचे १५५ झाले, खोलीपेक्षा ७० अंश जास्त. साताऱ्याच्या डिसेंबरात ८६, चालून जाईल. सांगलीच्या मे महिन्यात ११०, म्हणजे चालणारच नाही. आठ तास खपून मिळवलेला ७ टक्क्यांचा वेग उन्हाळा लागताच परत जातो. उलट चिप मर्यादेला टेकल्यामुळे मूळ वेगापेक्षाही खाली घसरते.

एके काळी हा सौदा इतका महाग नव्हता. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला. आतला गुणक ४.५ ठरलेला, मदरबोर्डचा बस वेग ६६ मेगाहर्ट्झ, गुणाकार ३००. लोकांनी बसचा वेग ६६ वरून १०० केला. गुणाकार झाला ४५०. म्हणजे त्याच महिन्यात आलेल्या, कितीतरी महाग असलेल्या पेंटियम टू ४५० च्या बरोबरीचा वेग. काही बोर्ड हे करू देत नसत, तर प्रोसेसरच्या एका पट्टीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून बोर्डाला वेगळाच संकेत देण्याची युक्ती निघाली. आपल्याकडे हेच असेंबल्ड कॉम्प्युटरचे दिवस होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, सुटे भाग आणायचे आणि घरी जुळवायचे. आमच्या पिढीतल्या अनेकांना स्क्रू ड्रायव्हर धरायला या सेलेरॉनने शिकवलं, असं मी मनापासून मानतो.

५० टक्के वेग फुकटात का मिळाला? कारण चिपच्या अंगी तो होताच, विकणाऱ्याने तो कमी लिहिला होता. शिवाय त्या काळात ट्रान्झिस्टर लहान होत गेला की त्याला व्होल्टेजही कमी लागे. रॉबर्ट डेनार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हा नियम मांडला होता: आकार घटवा, व्होल्टेज घटवा, तेवढ्याच जागेत तेवढीच उष्णता राहील. तीसेक वर्षं तो टिकला. २००५ च्या सुमारास व्होल्टेज आणखी खाली येईना, कारण बंद स्विचमधूनही वीज झिरपायला लागली होती. इंटेलने २००४ मध्ये पेंटियम फोरचा ‘तेजस’ नावाचा वारसदार अर्ध्यावरच सोडून दिला. उष्णतेने वाट अडवली होती. तेव्हापासून कंपन्यांनी ठोके वाढवण्यापेक्षा कोअर वाढवायला सुरुवात केली.

मग आजचे विक्रम कसे होतात? डिसेंबर २०२२ मध्ये आसुसच्या चमूने इंटेलचा कोअर आय-नाइन १३९००के हा प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेला. त्याचा कारखान्यातून येतानाचा सर्वोच्च वेग ५.८ आहे. हे साधलं द्रवरूप हेलियमने, जो उणे २६९ अंशांना उकळतो. नेहमीचे विक्रमवीर द्रवरूप नायट्रोजन वापरतात, तो उणे १९६ अंशांचा. तांब्याचं भांडं प्रोसेसरवर बसवायचं, वरून नायट्रोजन ओतत राहायचं आणि काही सेकंद आकडा टिकवायचा. हा खेळ म्हणून मला मोलाचा वाटतो. चिपची अंतिम मर्यादा कुठे आहे हे त्यातूनच कळतं. पण तो आकडा बघून घरच्या कॉम्प्युटरबद्दल काहीही ठरवू नये.

घरच्या बाबतीत दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. २००८ मध्ये इंटेलने टर्बो बूस्ट आणलं, पुढे एएमडीनेही तसंच तंत्र आणलं. चिप स्वतःच तापमान, व्होल्टेज आणि वीज मोजते आणि जागा दिसली की वेग वाढवते, सेकंदाला शेकडो वेळा. म्हणजे पूर्वी आपण हाताने करायचो ते ओव्हरक्लॉकिंग कारखान्यातच होऊन येतं. शिल्लक फार उरत नाही. कधीकधी तर उरलेली असते तीही गेलेली असते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत गेम बंद पडण्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि त्यामुळे ती हळूहळू झिजत होती, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं. बायोसमधून बसवायची सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या पिढीचा जुना प्रोसेसर कोणी स्वस्तात देत असेल, तर बायोस कधी अपडेट केलं हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

तर मग आपल्या हवेत काय करावं? व्होल्टेज कमी करावं. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात, आणि सांगली-साताऱ्याकडच्या माणसाचं खरं ओव्हरक्लॉकिंग हेच आहे, असं माझं ठाम मत आहे.

कारण असं. कारखान्यात एकाच सिलिकॉन चकतीतून निघालेल्या सगळ्या चिपा सारख्या नसतात. एखादीला १.२० व्होल्ट लागतात, एखादी १.१० वरही तेवढ्याच वेगाने बिनचूक चालते. कंपनी चिपचं व्होल्टेज ठरवताना अगदी काठावर जात नाही, कुठल्याही परिस्थितीत चालेल असा थोडा मोठा आकडा लिहून देते. तुमची चिप चांगली निघाली तर तो जादा भाग तुम्ही काढून घेऊ शकता. १.२० चे १.१० केले की उष्णता १६ टक्क्यांनी उतरते. १२० वॅटचे १०१ होतात. सांगलीच्या त्याच ४० अंशांच्या खोलीत ९४ ऐवजी ८५. आता टर्बोला जागा मिळाली, म्हणून व्होल्टेज कमी करूनही सरासरी वेग वाढतो. एएमडीच्या रायझनमध्ये हे ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’मधून करता येतं: सगळ्या कोअरला उणे १० पासून सुरुवात करायची, तपासायचं, मग उणे १५, उणे २०. काही बोर्डांवर आणि काही प्रोसेसरांत ही सोय बंद असते, ते घेण्याआधी पाहावं. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट १०० वरून ८० टक्क्यांवर आणून पाहा. उष्णता आणि पंख्यांचा आवाज लक्षात येण्याजोगा घटतो, फ्रेमचा तोटा त्या मानाने फारच थोडा होतो.

आणि हे सगळं करण्याआधी दोन गोष्टी तपासा, कारण त्यात फुकट वेग पडलेला असतो. पहिली रॅम. ३२०० किंवा ६००० लिहिलेली रॅम बसवली तरी बोर्ड ती २६६६ किंवा ४८०० अशा साध्या वेगावरच चालू करतं. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हे प्रोफाइल चालू केलं तरच लिहिलेला वेग मिळतो. १६ जीबीची एकच पट्टी घेण्याऐवजी ८ च्या दोन घेतल्या तर दोन वाटांनी माहिती येते, गेममध्ये तो फरक सहज दिसतो. दुसरी गोष्ट मॉनिटर. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये तो ६० वरच ठेवलेला असतो. ६० ला एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, १४४ ला ६.९. हा फरक डोळ्याला कळतो, प्रोसेसरचे ७ टक्के कळत नाहीत.

आता प्रत्यक्ष जुळणी. सांगलीत वालचंद इंजिनीअरिंग कॉलेज १९४७ पासून आहे, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासून, साखराळ्याचं राजारामबापू इन्स्टिट्यूट १९८३ पासून. म्हणजे हातात टेस्टर धरलेली मुलं या भागाला नवी नाहीत. तरीही जुळणीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते विजेकडे. पैसे ग्राफिक्स कार्डात संपतात आणि वीज पुरवणारा एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेलाच राहतो. त्यावर ५०० वॅट लिहिलेलं असतं, पण १२ व्होल्टच्या तारेवर तो प्रत्यक्षात किती देतो हे बाजूच्या पट्टीवर वाचावं लागतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही याच तारेवर जगतात.

कोयनेच्या चार टप्प्यांतून १,९६० मेगावॉट वीज तयार होते, तीही सातारा जिल्ह्यातल्याच धरणाच्या पाण्यावर. पण शिवारातल्या शेवटच्या खांबावर, कृषिपंप सुरू असताना, घरातला दिवा पिवळा पडतो हे इथल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेला चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी आत १२ व्होल्ट स्थिर ठेवतो. बाहेर व्होल्टेज उतरलं की तो जास्त करंट ओढून भरपाई करतो. जुन्या पद्धतीचा स्वस्त एसएमपीएस मात्र डगमगतो, आणि मग ओव्हरक्लॉक ‘अस्थिर’ असल्याचा भास होतो. जोडीला यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गफलत करू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, गेमिंगचा कॉम्प्युटर भर खेळात त्याहून जास्त मागू शकतो.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर लावला तर दिवा मिणमिणतो, ही तक्रार साताऱ्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत नेहमीची. लोक म्हणतात, कॉम्प्युटर शॉक मारतोय, एसएमपीएस बदला. एसएमपीएस बहुधा ठीक असतो. त्याच्या तोंडाशी गाळणी म्हणून दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला. पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल तर तिथून येणारा अगदी थोडा करंट जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट एक मिलिअँपिअरहून कमी असल्याने जिवाला सहसा धोका नसतो, पण कॉम्प्युटर चालू असताना टीव्हीची एचडीएमआय केबल जोडायला गेलात तर पोर्ट जळू शकतं. तीन पिनांच्या सॉकेटमागे तिसरी तार खरोखर आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. कृष्णाकाठच्या काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत अर्थिंग चांगलं लागतं. माण-खटावच्या मुरमाड जमिनीत मीठ-कोळशाचा खड्डा करूनही उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, अधूनमधून पाणी घालावं लागतं. गेमिंग कॉम्प्युटरच्या पुस्तकात अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालायला सांगणं काहींना विचित्र वाटेल, पण ८० हजारांच्या यंत्राखाली हाच पाया आहे.

प्रोसेसर बसवणं त्या मानाने शांतपणाचं काम. इंटेलच्या अलीकडच्या एका सॉकेटमध्ये १,७०० बारीक स्प्रिंगसारख्या पिना असतात. प्रोसेसर वरून सरळ ठेवायचा, सरकवायचा नाही. कोपऱ्यातला छोटा त्रिकोण जुळला की दांडा खाली. या सगळ्या टेकणाऱ्या जागांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो, कारण सोनं गंजत नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई व्यवसायातली कुटुंबं भारतभर सोनं-चांदी शुद्ध करायला पांगली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग पेस्ट. प्रोसेसरची पाठ आणि कूलरचा तळ डोळ्यांना सपाट दिसतात, पण त्यांच्यात सूक्ष्म खळगे असतात आणि त्यात हवा अडकते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक. तांब्याच्या तुलनेत ती हजारो पटींनी कमी उष्णता वाहते. पेस्टचं काम फक्त ती हवा हुसकावणं. म्हणून थर जाड नको, मधोमध वाटाण्याएवढा गोळा पुरे. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढली ना, हे दोनदा बघा. ती तशीच राहिलेले कॉम्प्युटर दुरुस्तीला येतात आणि पहिल्या मिनिटाला १०० अंशांवर गेलेले असतात. स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे.

सेटिंग बदलली की तपासणी. प्राइम९५ हे सॉफ्टवेअर मुळात मर्सेन प्रकारच्या अवाढव्य मूळ संख्या शोधण्यासाठी १९९६ पासून आहे. ओव्हरक्लॉकिंगवाल्यांनी ते उचललं, कारण ते आकडेमोड करून उत्तर आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून पाहतं. चिपने एक चूक केली तरी पकडली जाते. रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर लावावं. कॉम्प्युटर बंद पडला तर निदान कळतं तरी. अस्थिर रॅम न बोलता चुका करते, एक-एक फाइल बिघडवत जाते आणि तीन महिन्यांनी विंडोज उघडेनासं होतं, ते जास्त वाईट. आणि ही तपासणी दुपारी तीनला करा, पंखा नेहमीच्याच वेगावर ठेवून. पहाटे पास झालेली सेटिंग पास धरू नका.

महाबळेश्वरला राहणाऱ्याला वाटेल की आपलं भाग्य थोर. हवा गार आहे खरी, पण साडेतेराशे मीटरवर ती सांगलीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी विरळही आहे, त्यामुळे पंखा तेवढ्याच फेऱ्यांत कमी उष्णता उचलतो. तरी बेरीज फायद्याचीच. खरी अडचण पावसाळ्याची. २२ अंश तापमान आणि हवेत ९५ टक्के आर्द्रता असेल तर साधारण २१ अंशांवर दव पडतं. पाण्यावर चालणारा साधा लिक्विड कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही, म्हणून तो निर्धोक. पण बर्फ टाकलेलं पाणी, चिलर किंवा पेल्टिअर पट्टी लावून कोणी प्रोसेसर १५ अंशांवर आणला, तर सॉकेटच्या पिनांवर पाण्याचे थेंब जमतील. जुलैत घाटमाथ्यावर हे प्रयोग करू नयेत.

सांगलीला पाण्याचा आणखी एक हिशोब करावा लागतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात इर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. जुलै २०२१ मध्ये पुन्हा घरांत आणि दुकानांत पाणी शिरलं. पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. पाणी चढायला लागलं आणि वेळ थोडाच असला, तर निदान एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड काढून वर न्या, दोन स्क्रूंचं काम आहे. बुडालेला कॉम्प्युटर ‘चालतोय का’ हे पाहायला कधीही चालू करू नका. बंद स्थितीत पाण्यात गेलेला बोर्ड अनेकदा वाचतो, ओला असताना वीज मिळालेला बहुधा वाचत नाही. आधी बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढा, कारण वायर काढली तरी त्याची वीज चालूच असते. पुराच्या पाण्यातला गाळ वाळायच्या आत बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि पंख्याखाली चार-पाच दिवस वाळू द्या. उन्हात नको. एसएमपीएस मात्र नवा घ्या. त्याच्या आतला चिखल बाहेरून दिसत नाही आणि तो २३० व्होल्टवर चालतो.